कुत्र्या-मांजरांसाठी कच्चा आहार आणि धान्यविरहित खाद्य: निवडण्यापूर्वी काय समजून घ्यावे

पाळीव प्राण्यांच्या खाद्याच्या दुकानांत 'ग्रेन-फ्री' असे ठळक छापलेल्या पिशव्या आता सर्रास दिसतात, आणि त्याच सुमारास कच्चे मांस, काळीज व हाडे एकत्र करून देण्याच्या 'रॉ डाएट'ची शिफारसही कुत्री-मांजरे पाळणारे एकमेकांना करू लागले आहेत. या दोन गोष्टींची नावे बहुधा एका दमात घेतली जातात, म्हणून त्या एकच आहेत असा समज होतो. पण हे दोन वेगळे प्रश्न आहेत. धान्यविरहित खाद्य शिजवलेले असू शकते, किंबहुना बाजारातले बहुतेक तसेच असते. पहिला प्रश्न आहे तो खाद्यातला पिष्टमय भाग कशातून येतो याचा, तर दुसरा आहे जंतूंचा आणि पोषणाच्या समतोलाचा. दोन्ही प्रश्नांवर माझे मत आधीच सांगून टाकतो. बहुसंख्य निरोगी कुत्र्यांना धान्याचा त्रास होत नाही, आणि कच्च्या मांसाचे जे फायदे सांगितले जातात त्यांतले बहुतेक तेच मांस शिजवून घातले तरी मिळतात. असे का, हे मात्र नीट समजून घेतले पाहिजे, कारण काही प्राण्यांच्या बाबतीत उत्तर बदलते.

कुत्रा लांडगा राहिलेला नाही. मांजर मात्र शिकारीच आहे

कुत्र्याचा पूर्वज लांडगा आहे आणि लांडगा धान्य खात नाही, म्हणून कुत्र्यालाही धान्य नको, असा युक्तिवाद नेहमी केला जातो. त्याचा पहिला भाग खरा आहे, पण माणसाच्या सोबतीने काढलेल्या हजारो वर्षांत कुत्र्याची पचनसंस्था बदलली आहे. स्वीडनमधील उप्साला विद्यापीठातील एरिक ॲक्सेलसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये 'नेचर' या नियतकालिकात प्रसिद्ध केलेल्या संशोधनात असे आढळले, की स्वादुपिंडातून पाझरणारे आणि पिष्ट पचवणारे अमायलेज हे विकर ज्या जनुकामुळे तयार होते, त्याच्या लांडग्यात दोनच प्रती असतात, तर कुत्र्यांत त्या ४ पासून ३० पर्यंत असतात. माणसाच्या वस्तीभोवती, त्याच्या शेतीच्या उरल्यासुरल्या अन्नावर जगताना ज्यांना पिष्ट पचले तेच टिकले, असा याचा अर्थ लावला जातो. म्हणूनच नीट शिजवलेला भात, ज्वारी, बाजरी किंवा नाचणी बहुतेक कुत्रे सहज पचवतात.

मांजराची गोष्ट निराळी आहे. मांजर हा काटेकोर मांसाहारी प्राणी आहे, म्हणजे त्याला लागणारे काही घटक वनस्पतींतून मिळत नाहीत आणि त्याचे शरीर ते पुरेसे तयारही करू शकत नाही. गाजरातल्या द्रव्यापासून जीवनसत्त्व अ बनवणे त्याला जमत नाही. ॲराकिडोनिक हे मेदाम्ल त्याला प्राणिज चरबीतूनच घ्यावे लागते. आणि टॉरिन या घटकाशिवाय त्याची दृष्टी व हृदय दोन्ही बिघडतात. १९८७ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील पॉल पियन यांनी सहकाऱ्यांसह दाखवून दिले, की मांजरांमध्ये तेव्हा सर्रास आढळणारा एक हृदयविकार टॉरिनच्या कमतरतेने होतो आणि टॉरिन दिल्यावर तो बराही होतो. या आजारात हृदयाचे स्नायू सैल पडतात आणि हृदय फुगत जाते. पुढे खाद्य बनवणाऱ्यांनी टॉरिनचे प्रमाण वाढवले आणि हा आजार दुर्मीळ झाला. आपल्याकडे अनेक घरांत मांजराला वर्षानुवर्षे दूध-पोळी किंवा दूधभात घालतात. ते मांजर उंदीर, पाली, पक्षी मारून आपली गरज बाहेर भागवत असते तोवर निभावते. तेच मांजर फ्लॅटमध्ये बंद झाले की त्याच आहारावर हळूहळू खंगत जाते. त्यातच मोठ्या झालेल्या बऱ्याच मांजरांना दूध पचत नाही, हेही लक्षात ठेवावे. शाकाहारी घरात कुत्र्याला काळजीपूर्वक आखलेल्या आहारावर सांभाळता येते. मांजर पाळायचे असेल तर मांसाचे खाद्य घरात येणार हे आधीच मान्य करावे.

धान्य काढले, त्या जागी काय आले?

धान्यविरहित खाद्याला मोठी मागणी येण्यामागे २००७ मधील एका घटनेचाही हात आहे. त्या वर्षी चीनमधून आयात केलेल्या गव्हाच्या ग्लुटेनमध्ये मेलामाइन या रसायनाची भेसळ सापडली. प्रथिने जास्त आहेत असे चाचणीत दिसावे म्हणून ते मिसळले होते. अमेरिकेत शंभरांहून अधिक नावांखाली विकली जाणारी खाद्ये परत मागवावी लागली, कारण ती खाऊन कुत्र्या-मांजरांची मूत्रपिंडे निकामी होत होती. दोष भेसळीचा होता, पण अनेकांच्या मनात गहू या नावाचीच धास्ती बसली.

आता पिशवीत काय असते ते पाहू. कोरडे दाणेदार खाद्य तयार करताना मिश्रण यंत्रातून दाबाखाली बाहेर काढतात, आणि दाणा घट्ट बांधला जाण्यासाठी त्यात पिष्ट लागतेच. गहू, मका, तांदूळ काढले तर वाटाणा, मसूर, हरभरा, बटाटा, रताळे किंवा टॅपिओका घालावा लागतो. त्यामुळे 'धान्य नाही' याचा अर्थ 'कर्बोदके नाहीत' असा मुळीच होत नाही. हे स्वतः पडताळून पाहता येते. पिशवीच्या मागे प्रथिने, स्निग्ध पदार्थ, तंतू, ओलावा आणि राख, म्हणजे खनिजे, यांची टक्केवारी असते. त्यांची बेरीज १०० मधून वजा केली की कर्बोदकांचा अंदाज मिळतो. राखेचा आकडा छापलेला नसेल तर कोरड्या खाद्यासाठी ७ ते ८ टक्के धरावा. समजा एका धान्यविरहित कोरड्या खाद्यात प्रथिने ३२, स्निग्ध पदार्थ १६, तंतू ४, ओलावा १० आणि राख ८ टक्के आहे. बेरीज ७० झाली, म्हणजे सुमारे ३० टक्के कर्बोदके उरली. आता मांजरासाठीचे डबाबंद ओले खाद्य घ्या: प्रथिने १०, स्निग्ध पदार्थ ५, तंतू १, राख २ आणि ओलावा ८० टक्के. कर्बोदके उरतात फक्त २ टक्के. इथे प्रथिनांचा १० हा आकडा पाहून खाद्य हलके वाटते, पण पाणी बाजूला काढले तर उरलेल्या २० भागांत १० भाग प्रथिने आहेत, म्हणजे ५० टक्के. कोरड्या खाद्यात हाच हिशेब ९० भागांत ३२, म्हणजे साधारण ३६ टक्के येतो. ज्यांच्या मांजराला मधुमेह आहे किंवा ज्यांना कर्बोदके खरोखर कमी करायची आहेत, त्यांना महागड्या धान्यविरहित दाण्यांपेक्षा असे ओले खाद्य जास्त उपयोगी पडते. त्यातून पोटात जाणारे पाणी मूत्रमार्गालाही हितकारक असते, कारण मांजरे मुळात पाणी कमी पितात. मधुमेही मांजर इन्सुलिनवर असेल तर मात्र आहार बदलण्यापूर्वी पशुवैद्यकांशी बोलावे. कर्बोदके एकदम घटली की आधीचाच डोस जास्त होऊन रक्तातली साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते.

खाज सुटली, कान वारंवार बिघडले, केस गळू लागले की पहिला संशय धान्यावर घेतला जातो. अन्नाच्या ॲलर्जीची निश्चिती झालेल्या कुत्र्यांविषयी प्रसिद्ध झालेल्या अभ्यासांचा एकत्रित आढावा २०१६ मध्ये घेण्यात आला, तेव्हा गोमांस ३४ टक्के, दुग्धजन्य पदार्थ १७ टक्के, चिकन १५ टक्के आणि गहू १३ टक्के कुत्र्यांत कारणीभूत असल्याचे दिसले. म्हणजे गव्हाची ॲलर्जी असते, पण प्राणिज प्रथिनांची अधिक आढळते, आणि आपल्याकडील बहुतेक खाद्यांत चिकनच मुख्य असते. धान्यविरहित खाद्यातही चिकन तेच राहते. शिवाय खाजेमागे गोचीड, पिसवा, धूळ किंवा बुरशी हेच कारण असण्याची शक्यता मोठी असते. खरी ॲलर्जी ओळखण्याचा विश्वासार्ह मार्ग एकच आहे: पूर्वी कधीही न खाल्लेल्या प्रथिनाचा किंवा खास तयार केलेला आहार किमान आठ आठवडे, मध्ये एकही बिस्किट न देता, द्यायचा आणि मग जुना आहार परत देऊन त्रास उलटतो का ते पाहायचे.

धान्यविरहित खाद्याबाबत एक गंभीर शंकाही उपस्थित झालेली आहे. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने जुलै २०१८ मध्ये जाहीर केले, की अशा खाद्यांवर असलेल्या कुत्र्यांमध्ये हृदय फुगण्याच्या आजाराच्या तक्रारी येत आहेत आणि त्यांत हा आजार वंशपरंपरेने न होणाऱ्या जातीही आहेत. जून २०१९ पर्यंत नोंदवलेल्या प्रकरणांतील ९० टक्क्यांहून अधिक खाद्ये धान्यविरहित होती आणि ९३ टक्के खाद्यांत वाटाणा किंवा मसूर होता. गोल्डन रिट्रीव्हरच्या तक्रारी सर्वाधिक होत्या. डिसेंबर २०२२ मध्ये प्रशासनाने सांगितले, की या नोंदींवरून खाद्य हेच कारण आहे असे सिद्ध होत नाही आणि नवे ठोस संशोधन हाती आल्याशिवाय पुढील माहिती नियमितपणे दिली जाणार नाही. दरम्यान काही कुत्र्यांची हृदये आहार बदलल्यावर आणि औषधोपचारांनी सुधारल्याचे अभ्यास प्रसिद्ध झाले. म्हणून घाबरून जाण्याचे कारण नाही, पण ठोस वैद्यकीय गरज नसताना घटकांच्या यादीत पहिल्या चार-पाच नावांत डाळी व वाटाणे असलेले खाद्य वर्षानुवर्षे घालू नये, असे मला स्पष्ट वाटते. जे आधीपासून घालत आहेत त्यांनी कुत्रा लवकर दमतो का, खोकतो का, चक्कर येऊन पडतो का याकडे लक्ष ठेवावे आणि पशुवैद्यकांना विचारून हृदयाची सोनोग्राफी करून घ्यावी.

कच्चे मांस: फायदा कशाचा, धोका कशाचा

कच्च्या आहाराचे समर्थक केसांवर चमक येते, शी कमी होते, कुत्रा आवडीने खातो असे सांगतात, आणि हे अनुभव खरे असतात. चमक बहुधा वाढलेल्या स्निग्धांशामुळे येते आणि शी कमी होते ती मांस जास्त पचनीय असल्यामुळे. हे दोन्ही गुण शिजवल्याने नाहीसे होत नाहीत. दातांवरचे किटण हाडे चघळून काही प्रमाणात निघते हेही खरे, पण टणक हाडाने दात तुटण्याचे आणि तुकडा आतड्यात अडकण्याचे प्रकार पशुवैद्यकांना नेहमी पाहावे लागतात. शिजवलेली हाडे तर टोकदार चिरफळ्या होऊन फुटतात, म्हणून रश्श्यातली उरलेली हाडे कधीच देऊ नयेत. त्या रश्श्यातला कांदा आणि लसूण रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतात, आणि मांजरांना ते अगदी थोडेही बाधतात.

जंतूंचा प्रश्न मात्र टाळता येत नाही. अमेरिकेच्या त्याच प्रशासनाने २०१० ते २०१२ या काळात तपासलेल्या कच्च्या खाद्याच्या १९६ नमुन्यांपैकी १५ मध्ये साल्मोनेला आणि ३२ मध्ये लिस्टेरिया हा जिवाणू सापडला. नेदरलँड्समध्ये २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात तिथल्या दुकानांतील ३५ गोठवलेल्या कच्च्या खाद्यांपैकी निम्म्याहून अधिकांत लिस्टेरिया होता आणि २८ मध्ये प्रतिजैविकांना न जुमानणारा ई. कोलाय होता. ही त्या देशांची गोष्ट आहे, जिथे मांस कापल्यापासून घरी येईपर्यंत शीतसाखळीत राहते. आपल्याकडे सकाळी कापलेली कोंबडी किंवा मटण बऱ्याचदा दुपारपर्यंत उघड्यावर टांगलेले असते, एकाच ठोकळ्यावर आणि एकाच सुऱ्याने सगळे कापले जाते. ते मांस घरी नेऊन चांगले शिजवले जाईल या गृहीतकावरच ही सारी पद्धत चालते आणि आपण माणसे ते शिजवूनच खातो. तेच मांस कच्चे घालणे म्हणजे हे गृहीतक मोडणे होय. फ्रीजरमध्ये ठेवल्याने बहुतेक जिवाणू मरत नाहीत, फक्त वाढायचे थांबतात. 'फ्रीझ-ड्राइड' खाद्यालाही हेच लागू आहे. निरोगी कुत्रा साल्मोनेला पोटात घेऊन अनेकदा काहीच लक्षण दाखवत नाही, पण त्याच्या विष्ठेतून आणि चाटण्यातून तो घरातल्या रांगत्या बाळापर्यंत, आजी-आजोबांपर्यंत किंवा केमोथेरपी घेणाऱ्या माणसापर्यंत पोहोचतो. अमेरिकेतील पशुवैद्यकांच्या संघटनेने २०१२ मध्ये कच्च्या प्राणिज प्रथिनांविरुद्ध भूमिका घेतली ती याच कारणाने.

चिकनच्या माना कच्च्या देण्याची पद्धत बरीच रूढ आहे. मेलबर्न विद्यापीठाच्या २०१८ च्या अभ्यासात कच्चे चिकन खाणे आणि मागच्या पायांपासून सुरू होऊन वर चढत जाणारा पक्षाघात यांचा संबंध आढळला. या आजाराच्या कुत्र्यांत कॅम्पिलोबॅक्टर या जिवाणूचा संसर्ग असण्याची शक्यता इतरांच्या ९ पटींहून अधिक होती. कच्ची फुप्फुसे आणि काळीज, जी खाटकाकडे कुत्र्यासाठी म्हणून स्वस्तात मिळतात, त्यांत शेळ्या-मेंढ्यांच्या व म्हशींच्या शरीरातील पाण्याने भरलेल्या हायडॅटिड गाठी असू शकतात. त्या खाल्ल्यावर कुत्र्याच्या आतड्यात बारीक पट्टकृमी वाढतात, कुत्रा ठणठणीत दिसतो, आणि विष्ठेतून बाहेर पडलेली अंडी माणसाच्या पोटात गेली की त्याच्या यकृतात किंवा फुप्फुसात तशीच गाठ तयार होते, जी बहुधा शस्त्रक्रियेने काढावी लागते. हेच काळीज व्यवस्थित शिजवले की हा धोका संपतो.

मांजरांच्या बाबतीत आता बर्ड फ्लूची भर पडली आहे. डिसेंबर २०२४ मध्ये नागपूरच्या गोरेवाडा येथील बचाव केंद्रात तीन वाघ आणि एक बिबट्या दगावले आणि तपासणीत एच५एन१ विषाणू निष्पन्न झाला. २०२५ च्या सुरुवातीला शेजारच्या मध्य प्रदेशातील छिंदवाड्यात घरगुती मांजरांतही तो सापडला. अमेरिकेच्या ओरेगन राज्यात डिसेंबर २०२४ मध्ये टर्कीचे कच्चे गोठवलेले खाद्य खाऊन एक घरातले मांजर मेले, आणि खाद्यातला व मांजरातला विषाणू एकच असल्याचे सिद्ध झाले. मांजरवर्गात या आजाराने मरण्याचे प्रमाण फार मोठे आहे. या परिस्थितीत मांजराला कच्चे चिकन, बदक किंवा कोंबडीचे आतडे-काळीज घालू नये, याबद्दल माझ्या मनात कोणताही किंतु नाही.

नुसते मांस म्हणजे पूर्ण आहार नव्हे

जंतूंची चर्चा पुष्कळ होते. समतोलाची कमी होते, आणि प्रत्यक्षात पिल्लांचे नुकसान जास्त करून तिथेच होते. हाडाविना १०० ग्रॅम मांसात साधारण १० मिलिग्रॅम कॅल्शियम आणि २०० मिलिग्रॅमच्या आसपास फॉस्फरस असते, म्हणजे १ ला २०. कुत्र्याला हे प्रमाण १ ला १ ते २ ला १ एवढे लागते. लॅब्रॅडॉरच्या दोन महिन्यांच्या पिल्लाला कोणी कौतुकाने रोज नुसता खिमा घालत राहिले, तर रक्तातले कॅल्शियम टिकवण्यासाठी त्याचे शरीर हाडांतून कॅल्शियम ओढू लागते. पिल्लू लंगडते, उचलताना किंचाळते, आणि सोफ्यावरून उडी मारताना पाय मोडतो. उलट संपूर्ण खाद्य चालू असताना वरून कॅल्शियमचे सिरप पाजणे मोठ्या जातीच्या पिल्लांना तितकेच घातक असते, कारण जास्तीचे कॅल्शियम नाकारण्याची क्षमता त्यांच्या आतड्यात अजून आलेली नसते आणि सांधे वेडेवाकडे वाढतात.

काळीज पौष्टिक आहे, पण मांजराला महिनोन्महिने तेच मुख्य अन्न म्हणून दिले तर जीवनसत्त्व अ साचून मानेचे मणके एकमेकांना जोडले जातात आणि मांजराला मान वळवता येत नाही. कोकणात आणि गोव्यात मांजरांना कच्चे मासे सहज मिळतात. काही जातींच्या कच्च्या माशांत थायामिन म्हणजे जीवनसत्त्व ब१ नष्ट करणारे विकर असते, ज्यामुळे मांजराची मान खाली झुकते आणि झटके येतात. मासा उकळला की ते विकर निष्प्रभ होते. इंटरनेटवरील पाककृतींवरही विसंबून चालत नाही: डेव्हिस येथील संशोधकांनी २०१३ मध्ये घरी करायच्या कुत्र्यांच्या २०० पाककृती तपासल्या, तेव्हा १९० मध्ये किमान एक आवश्यक घटक कमी निघाला.

म्हणून ताज्या अन्नाची आवड असणाऱ्यांनी शिजवलेल्या ताज्या आहाराचा मार्ग धरावा. मांस आतपर्यंत ७४ अंश सेल्सिअसला शिजले की जिवाणू, कृमी आणि बर्ड फ्लूचा विषाणू सारे नष्ट होते; शिजवताना सुटलेले पाणी अन्नातच मुरवावे, कारण टॉरिन त्या पाण्यात उतरते. कॅल्शियम, आयोडीन, जस्त, जीवनसत्त्वे ड आणि ई, व मांजरासाठी टॉरिन यांची मात्रा प्राण्याचे वजन, वय आणि आजार पाहून ठरवावी लागते. परळ, नागपूर, शिरवळ आणि परभणी येथील पशुवैद्यकीय महाविद्यालयांत पशुपोषण विभाग आहेत. आपल्या पशुवैद्यकांमार्फत तिथला सल्ला घेता येतो.

तयार खाद्य घ्यायचे झाल्यास, ते कच्चे असो वा शिजवलेले, पिशवीवरचे चित्र आणि 'नैसर्गिक' हा शब्द सोडून एक वाक्य शोधावे: हे खाद्य अमेरिकेतील 'आफ्को' किंवा युरोपातील 'फेडियाफ' यांच्या निकषांनुसार पूर्ण व संतुलित आहे की नाही, आणि कोणत्या वयासाठी. 'पूरक' किंवा 'अधूनमधून देण्यासाठी' असे लिहिले असेल तर ते खाऊ आहे, जेवण नव्हे. हे सारे समजूनही कोणाला कच्चेच द्यायचे असेल, तर उच्च दाबाखाली प्रक्रिया केलेले, पूर्ण व संतुलित, गोठवलेलेच घ्यावे. ते फ्रीजच्या खालच्या कप्प्यात विरघळवावे, अर्ध्या तासात न संपलेले टाकून द्यावे, भांडे स्वयंपाकाच्या भांड्यांपासून वेगळे धुवावे, आणि घरात लहान मूल, गरोदर स्त्री किंवा प्रतिकारशक्ती कमी झालेले माणूस असेल तर हा बेत रहित करावा. पिल्लांना तर देऊच नये.

कोणताही बदल सात ते दहा दिवसांत, जुन्यात नवे थोडे थोडे वाढवत करावा. कुत्र्याने एखादे जेवण नाकारले तर तो पुढच्या वेळी बहुधा खातो, परंतु मांजराला 'भूक लागली की खाईल' म्हणून उपाशी ठेवू नये. विशेषतः लठ्ठ मांजर दोन-तीन दिवस न जेवल्यास त्याच्या यकृतात चरबी साचून ते जिवावर बेतू शकते. नवे खाद्य मांजराने चोवीस तास तोंडाला लावले नाही, तर त्याला जुने खाद्य परत द्यावे आणि तेही ते खात नसेल तर त्याच दिवशी पशुवैद्यकांकडे न्यावे.